नातलगांना बाहेर काढून संसर्ग थांबत नाही

रुग्णालयात जंतुसंसर्ग पसरल्याची बातमी आली की पहिले बोट नातेवाइकांकडे जाते. एकेका खाटेभोवती चार-चार माणसे, वॉर्डातच उघडलेले जेवणाचे डबे, खाटेखाली अंथरलेली सतरंजी, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या. अशा ठिकाणी जंतू पसरणार नाहीत तर काय, असे रुग्णालयाचे प्रशासन म्हणते, आरोग्य खात्यातले अधिकारी म्हणतात आणि वर्तमानपत्रे वाचणारा मध्यमवर्गही म्हणतो. उपायही ठरलेला असतो. पासची पद्धत कडक करा, भेटीची वेळ तासाभरावर आणा, दाराशी सुरक्षारक्षक वाढवा. असे म्हणणारी माणसे वाईट हेतूने बोलत नाहीत; त्यांतली कित्येक जण याच वॉर्डांत वर्षानुवर्षे राबलेली आहेत. तरीही त्यांचे निदान चुकले आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. रुग्णालयात जडणारे जीवघेणे संसर्ग बहुतांशी नातलगांमुळे पसरत नाहीत. ते पसरतात उपचारासाठी रुग्णाला लागणाऱ्या हातांवरून, त्याच्या शरीरात घातलेल्या नळ्यांवाटे आणि एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे फिरणाऱ्या साधनांवरून. ते हात वेळच्या वेळी स्वच्छ होत नाहीत याचे मोठे कारण हे, की कामाच्या मानाने हातच अपुरे आहेत. निदान चुकले की पैसा, माणसे आणि लक्ष चुकीच्या जागी खर्ची पडते. छप्पर गळत असताना दाराला दुसरी कडी लावावी, तसे हे चालले आहे.

अतिदक्षता विभागांत माणसे दगावतात ती कोणत्या जंतूंनी, हे आधी पाहिले पाहिजे. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही त्यांतली ठळक नावे. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, कित्येक आठवडे तग धरतो. स्यूडोमोनास बेसिनच्या जाळीत, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात मुक्काम करतो. प्रतिजैविकांचा अहोरात्र मारा सोसून पक्के झालेले हे रुग्णालयाचे रहिवासी आहेत. गावाहून डबा घेऊन आलेल्या भावाच्या सदऱ्यावर बसून ते आलेले नसतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात अर्भकांच्या संसर्गाचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या साडेतेरा हजार बाळांपैकी सुमारे १४ टक्के बाळांना रक्तातील जंतुदोष झाला होता, आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतली होती. सर्वाधिक आढळलेला जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर, आणि त्यातले ८२ टक्के एकाहून अधिक गटांतल्या प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. ही बाळे घरी गेलेलीच नव्हती. नवजात अतिदक्षता विभागाइतका कडेकोट बंद विभाग रुग्णालयात दुसरा नसतो; तिथे बापालाही काचेतून पाहावे लागते. तरी संसर्गाचे प्रमाण सर्वांत जास्त असणाऱ्या जागांत हाच विभाग येतो. डिसेंबर २०२१ मध्ये भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहातल्या अशाच विभागात चार बाळे जंतुसंसर्गाने दगावली आणि प्रकरण विधानसभेत गाजले. जिथे नातलगांचा पायच पडत नाही तिथे संसर्ग सर्वाधिक असेल, तर नातलगांना दोष देणाऱ्यांनी याचा उलगडा करायला हवा.

उलगडा वॉर्डातच दिसतो. पहाटे सहाची वेळ, रात्रपाळी संपत आलेली. सिस्टरला एका पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून किती मिलिलिटर ते तक्त्यावर लिहायचे असते. शेजारच्याच्या हातातल्या कॅन्युलातून सहाचे इंजेक्शन द्यायचे असते. तिसऱ्याच्या दंडाचा बीपीचा पट्टा सोडून तोच चौथ्याला बांधायचा असतो. मध्येच पाचव्याची सलाइन संपते आणि सहाव्याच्या नळीत कफ साचून घरघर सुरू होते. बेसिन वॉर्डाच्या टोकाला, नळ हातानेच पिळायचा, साबणाची वडी झिजून चपटी झालेली, हात पुसायला एकच टॉवेल, तोही ओला. प्रत्येक पेशंटला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर बेसिनपर्यंत जाऊन यायचे म्हटले तर सहाचे इंजेक्शन आठला मिळेल. मग ती धुते तेव्हा धुते, आणि पहिल्या पेशंटच्या लघवीतला क्लेबसिएला दुसऱ्याच्या शिरेत जातो. या सगळ्यात आळस किंवा बेफिकिरी कुठे आहे? मागून राउंडला येणाऱ्या डॉक्टरांच्या जथ्याचे तर याहून वाईट. ते एका जखमेची पट्टी उचलून पाहतात, पुढच्या पेशंटचे पोट दाबतात, आणि त्यांच्या हातांची नोंद कुणीच ठेवत नाही.

हा वाद नवा नाही, आणि तो एकदा निकालात निघालेला आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीन टक्क्यांच्याही आत. दोन्हीकडच्या बायका त्याच शहरातल्या, त्याच गरिबीतल्या. एका दिवशी आलेल्या या विभागात, दुसऱ्या दिवशी आलेल्या त्या विभागात. म्हणजे बाहेरून काय येते, हा फरक बादच झाला. तरीही चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ठपका ठेवला तो विद्यार्थ्यांच्या गर्दीवर, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांवर. त्यांची संख्या निम्म्यावर आणली, परदेशी जवळजवळ बंद केले. काही महिने मृत्यू घटले आणि एप्रिल १८४७ मध्ये प्रमाण पुन्हा १८ टक्क्यांवर गेले. इग्नाझ सेमेलवाइसने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले ते त्यानंतर, मे महिन्यात. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. सेमेलवाइसची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्या आधीच्या आयोगाची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि आपल्याला शिकण्यासारखे तिच्यातच जास्त आहे. माणसे कमी करा, परकी माणसे बाहेर काढा, हा उपाय तेव्हाही सरकारी समितीला सर्वांत आधी सुचला होता.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा दाखला कुणाला जुना वाटेल, तर २०२० सालाकडे पाहावे. नातलगबंदीचा इतका मोठा आणि इतका कडक प्रयोग जगाने कधी केला नव्हता. कोविड वॉर्डांत नवरा-बायकोची गाठ पडत नव्हती, मुलांना बापाचा चेहरा फोनच्या पडद्यावर पाहावा लागत होता. गर्दीमुळे संसर्ग पसरतो हे खरे असते, तर त्या वर्षी रुग्णालयात जडणारे इतर संसर्ग घसरायला हवे होते. झाले उलट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे तिथली रुग्णालये नियमित आकडे पाठवतात. त्यांनुसार २०२० च्या शेवटच्या तिमाहीत सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, रक्तात होणारे संसर्ग आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ४७ टक्क्यांनी वाढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दहा रुग्णालयांतील साडेसतरा हजार कोविड रुग्णांची पाहणी केली. साडेतीन टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांना दुसरा जंतुसंसर्ग झालेला आढळला, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त दगावले. जंतू कोणते? पुन्हा क्लेबसिएला, पुन्हा ॲसिनेटोबॅक्टर. वॉर्डात एकही नातेवाईक नव्हता. होत्या त्या दुप्पट-तिप्पट रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टर आणि एकाच हातमोज्यांच्या जोडीने एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात. हातमोजा घालणाऱ्याला वाचवतो; तो न बदलता पुढे गेले तर पुढच्या रुग्णाच्या दृष्टीने तो न धुतलेला हातच असतो.

नातलगांना अधिक वेळ आत ठेवून काय होते, हेही लोकांनी तपासून पाहिले आहे. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून तिची नेहमीच्या दीड-दोन तासांशी तुलना केली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विभागात जडलेल्या संसर्गांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते, चार टक्क्यांच्या आसपास. इटलीत फ्लोरेन्सच्या एका हृदयरुग्ण विभागात असाच प्रयोग झाला. तिथला निकाल मला अधिक बोलका वाटतो. भेटीवरची बंधने उठवल्यावर खोलीतल्या हवेत आणि पृष्ठभागांवर जंतू खरोखरच वाढलेले सापडले, पण रुग्णांना होणारे संसर्ग वाढले नाहीत. माणसे आत आली की जंतू येतात, हे नातलगबंदीवाल्यांचे म्हणणे खरे ठरले. त्या जंतूंनी रुग्ण आजारी पडतात, हे मात्र ठरले नाही. पृष्ठभागावरचा जंतू आपोआप शिरेत जात नाही. त्याला नेणारा हात लागतो, आणि शिरेला हात लावण्याचे काम नातेवाईक करत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे ब्राझील-इटलीचे सांगू नका, तिथे रुग्णामागे एक स्वच्छ माणूस येतो, इथे अख्खे घर येते. मग दिल्लीचे घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांतल्या रुग्णालयांत एक चाचणी झाली. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. तिथे गर्दी किती असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची ३,२११ बाळे चाचणीत होती. निम्म्यांना नेहमीप्रमाणे आईपासून वेगळे ठेवले. निम्म्यांच्या आयांना जन्मानंतर लगेच अतिदक्षता विभागातच खाट दिली आणि बाळ रात्रंदिवस आईच्या, किंवा तिच्या जागी आजी-मावशीच्या, छातीशी बांधून ठेवले. पहिल्या २८ दिवसांत वेगळ्या ठेवलेल्या बाळांपैकी १५.७ टक्के दगावली, आईजवळच्यांपैकी १२ टक्के. जंतुदोषाची शंका घ्यावी लागली असे प्रमाण २७.८ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर उतरले. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. रुग्णालयातल्या सर्वांत नाजूक जिवाशेजारी चोवीस तास घरचे माणूस बसवले आणि संसर्ग वाढण्याऐवजी घटला. कारण सरळ आहे. आईच्या कातडीवरचे जंतू साधे असतात, तिचे दूध बाळाला बळ देते, आणि बाळाला हाताळणाऱ्या परक्या हातांची संख्या कमी होते. दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना हात धुण्यापासून बाळाची निगा राखण्यापर्यंत शिकवून विभागात सामील करून घेतले; तिथेही संसर्ग वाढले नाहीत आणि स्तनपानाचे प्रमाण वाढले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात विभागांसाठी याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे सरकारचे एक खाते ज्या नातलगांना आत घ्या म्हणते, त्यांनाच रुग्णालयाचे दार बाहेर काढते.

आपल्या वॉर्डात नातेवाईक काय करतो, हे नातलगबंदीवाल्यांनी एकदा नोंदवून पाहावे. तो पेशंटची कूस बदलतो, बेडपॅन देतो, अंग पुसतो, भरवतो. सलाइन संपत आली की सिस्टरना हाक मारतो. रक्ताचा नमुना लॅबमध्ये नेतो, रक्ताची पिशवी आणायला रक्तपेढीत रांग लावतो, एक्स-रेसाठी ट्रॉली ढकलतो. ही सगळी नर्सिंगची, मावशीची आणि वॉर्डबॉयची कामे आहेत. तो ती करतो कारण करायला दुसरे कुणी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका हवी. रात्री तीस-चाळीस पेशंटवर एक किंवा दोन सिस्टर, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. अशा वॉर्डातून नातलग काढला तर त्याची कामे नाहीशी होत नाहीत, ती त्याच एका सिस्टरवर येऊन पडतात. तिला लागणारे हात धुण्याचे प्रसंग वाढतात आणि वेळ घटतो. पेशंटची कूस बदलली जात नाही, पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात. नातलगबंदी एकटीच आणली, तर संसर्ग वाढण्याचीच शक्यता जास्त, असे मी म्हणतो ते या हिशेबाने.

हा हिशेब तर्कापुरता नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हजारो प्रसंग पाहून नोंदवले, की हात स्वच्छ करण्याची गरज जितकी वारंवार पडते तितका तो नियम कमी पाळला जातो. म्हणजे सर्वांत जास्त धावपळीच्या अतिदक्षता विभागात सर्वांत कमी. परिचारिका निम्म्या वेळा हात धूत होत्या, डॉक्टर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळा. तिथल्याच अतिदक्षता विभागातल्या पुढच्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की परिचारिकांची संख्या ठरावीक पातळीच्या खाली जाऊ दिली नसती तर सुमारे चतुर्थांश संसर्ग टळले असते. वेळेचे गणितही कुणीतरी मांडले आहे: बारा कर्मचाऱ्यांच्या अतिदक्षता विभागात सगळ्यांनी प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे साबण-पाण्याने हात धुतले तर एका पाळीत मिळून सोळा तास त्यातच जातात, खाटेशीच अल्कोहोलचे द्रावण ठेवले तर तीन तास. जिनिव्हाने खाटेखाटेला बाटली लावली, आणि १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर, तर रुग्णालयात संसर्ग जडलेल्या रुग्णांचे प्रमाण १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो बराच वजनदार आहे. माणसे वाढवली, बाटल्या लावल्या, तरी आपल्याकडे शिस्त नाही. कर्मचारी हात धुणार नाहीत ते नाहीतच. शिस्तीचा प्रश्न आहे हे मला मान्य आहे. पण शिस्त कुणाला लावायची? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी सक्तीच्या केल्या: हात स्वच्छ करणे, निर्जंतुक गाऊन-चादर, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. त्याबरोबर सिस्टरला एक अधिकार दिला. डॉक्टरने पायरी गाळली तर तिने तिथल्या तिथे त्याला थांबवायचे. तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक विभागांत हे संसर्ग शून्यावर आले आणि दीड वर्ष घटलेलेच राहिले. भारतात २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांची पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, तेव्हा नळी घातलेल्या दर हजार दिवसांमागे जवळपास नऊ असे संसर्ग मोजले गेले. आपल्या वॉर्डात कंत्राटावरची सिस्टर एखाद्या युनिट-प्रमुखाला ‘सर, हात’ म्हणून थांबवू शकेल का? ती नोकरी गमावण्याच्या भीतीने गप्प राहते. शिस्तीची गाठ या उतरंडीत आहे, आणि ती सुरक्षारक्षक वाढवून सुटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. त्यानंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याचे चित्रण सगळीकडे फिरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा प्रश्न विचारले गेले ते रिक्त पदांचे. चित्रणात दिसला तो अपमान. रुग्णांच्या वाट्याचे अपुरे मनुष्यबळ कोर्टाच्या कागदांत राहिले.

तिसरा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळत नाही. श्वासावाटे पसरणारे आजार नातेवाईक आणतात आणि नेतात. फ्लू, कोविड, क्षयरोग यांना श्वास आणि हवा पुरते, हात लागत नाही. २०१८ मध्ये कोळिकोडला निपाह पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतून. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी त्यात गेल्या, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या बोळात जवळपास असलेले इतर रुग्ण, सोबतची माणसे यांनाही लागण झाली. तेव्हा खोकणारा, ताप असलेला माणूस वॉर्डात येता कामा नये, साथीच्या दिवसांत मास्क हवाच आणि एका खाटेशी एकाहून जास्त माणूस नको, हे मला मान्य आहे. पण कोळिकोडमध्ये नातलग संसर्ग आणणारे नव्हते, संसर्गाचे बळी होते. खोकणारा रुग्ण वेगळा न ठेवता गर्दीच्या बोळात ठेवला गेला, हे तिथले मूळ होते. हवेतल्या रोगांवर सर्वांत स्वस्त उपाय आपणच बुजवत चाललो आहोत. पेरूमध्ये लिमाच्या आठ रुग्णालयांत मोजणी झाली तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांतली हवा यंत्रांनी हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा बदलत होती. आपल्याकडे तशाच जुन्या दगडी इमारतींतल्या खिडक्या वातानुकूलनासाठी पक्क्या बंद केल्या जातात, आणि मग बंद हवेतल्या गर्दीचा दोष गर्दीला दिला जातो.

पासची पद्धत आली ती मुळात वेगळ्याच कारणाने, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने अमानुष मारहाण केली, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि त्यानंतर सुरक्षारक्षक व मर्यादित पास यांवर भर आला. डॉक्टरांना मार खाण्याच्या भीतीत काम करावे लागू नये, यात दुमत नाही. त्यासाठी पास ठेवायचे तर ठेवा. पण सुरक्षेच्या उपायाला संसर्ग-नियंत्रण म्हणू नये. तसे म्हटले की रुग्णालयाला संसर्गासाठी काहीतरी केल्याचे समाधान मिळते, कागदावर एक रकाना भरला जातो आणि ऑटोक्लेव्ह नीट चालतो का, सलाइनच्या बाटल्या कुठून येतात, हे विचारायचे राहून जाते. २०११ मध्ये जोधपूरच्या सरकारी रुग्णालयात एकामागून एक बाळंतिणी दगावल्या. शेवटी संशय येऊन तपासल्या तेव्हा सलाइनच्या बाटल्यांतच जंतू निघाले.

पैसे नाहीत, हा शेवटचा आक्षेप. परिचारिकांची भरती महाग आहे हे खरे, पण ती टाळण्याची किंमत आपण देतोच, फक्त ती रुग्णाच्या खिशातून जाते. प्रतिरोधक जंतूने गाठले की रोज महागडी शेवटच्या फळीतली प्रतिजैविके लागतात, आणि अतिदक्षता विभागातले दिवस वाढत जातात. बाटलीतले द्रावण मात्र महाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कृती जाहीर केलेली आहे: अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शुद्ध पाणी, रुग्णालयाच्या औषधालयात ते करता येते. आकडे उघड करण्याचाही खर्च नाही. इंग्लंडमध्ये २००१ पासून प्रत्येक सरकारी रुग्णालयाला एमआरएसए या प्रतिरोधक जंतूच्या रक्तातल्या संसर्गाचे आकडे कळवणे सक्तीचे झाले आणि ते रुग्णालयाच्या नावानिशी छापले जाऊ लागले. २००४ मध्ये चार वर्षांत प्रमाण निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि ते गाठलेही. आकडे उघड केले तर लोक चिडतील, मारहाण होईल, अशी भीती आपल्याकडे घातली जाते. लोक आजही चिडतात, कारण माणूस का गेला हे त्यांना कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात हातांची स्वच्छता होते की नाही, हे बाहेरून तपासायचे एक साधे माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हजार रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर अल्कोहोल-द्रावण वापरले गेले पाहिजे. पाचशे खाटांचे भरलेले रुग्णालय दोन दिवसांत हजार रुग्ण-दिवस पूर्ण करते. म्हणजे महिन्याला ३०० लिटर लागायला हवेत. खाटांपेक्षा जास्त पेशंट असतील, जमिनीवर गाद्या घातलेल्या असतील, तर त्याहून जास्त. गेल्या वर्षभरात किती लिटर द्रावण खरेदी केले, दर महिन्याला प्रत्येक वॉर्डात किती पाठवले आणि मंजूर पदांपैकी किती परिचारिका प्रत्यक्ष रात्रपाळीला होत्या, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतात. ज्यांना नातलगांमुळे संसर्ग पसरतो असे वाटते, त्यांनीही तो अर्ज करावा.